अमेरिकेत नवे आहात? समोरचा पोलीस खरा की तोतया, हे कसं तपासायचं

भारतात तोतया पोलिसाविरुद्धचा कायदा देशभर एकच आहे. पुणे असो की पाटणा, सरकारी नोकर असल्याची बतावणी करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचं कलम २०४ लागतं आणि सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. अमेरिकेत फौजदारी कायदा मुख्यतः राज्याराज्यांचा. खोटा बिल्ला दाखवून एखाद्याची गाडी थांबवली, तर टेक्ससमध्ये दोन ते दहा वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. न्यू जर्सीत जास्तीत जास्त अठरा महिने. न्यूयॉर्कमध्ये सोबत दुसरा मोठा गुन्हा नसेल तर ३६४ दिवसांपर्यंत. म्हणजे 'अमेरिकेत याला शिक्षा काय?' या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही. आधी तुम्ही कुठल्या राज्यात आहात ते सांगावं लागतं.

शिकायला, नोकरीला किंवा मुलाबाळांकडे सहा महिने राहायला आलेल्यांसाठी ही माहिती लिहितो आहे. कलमं थोडी सांगेन. रस्त्यावर, दारात आणि फोनवर नेमकं काय करायचं, त्यावर जास्त वेळ घालवेन. आपण येताना पोलिसांशी वागायच्या दोनच सवयी सोबत आणतो. वर्दी दिसली की मान डोलवायची, नाहीतर 'साहेब, इथेच मिटवून टाका ना' म्हणायचं. तोतयाला यातली पहिली सवय फार आवडते आणि खऱ्या पोलिसासमोर दुसरी सवय तुम्हाला तुरुंगात नेऊ शकते. शांतपणे खात्री करून घेणं हा तिसरा मार्ग इथे मोकळा आहे, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही.

आधी हे समजून घ्या: 'अमेरिकन पोलीस' असं एक खातं नाही

महाराष्ट्रात सगळीकडे महाराष्ट्र पोलीस. वर्दी खाकी, मुख्यालय मुंबईत. अमेरिकेत कायदा राबवणाऱ्या यंत्रणा साधारण १८ हजार आहेत. एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाचंच बघा. टाउनशिपचे पोलीस वेगळे, मिडलसेक्स काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) पोलीसप्रमुख, म्हणजे शेरीफ, वेगळा, न्यू जर्सी स्टेट पोलीस वेगळे. मुलगी रटगर्सला शिकत असेल तर विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस, आणि ती ट्रेनने जात असेल तर एनजे ट्रान्झिटचे पोलीस. हे सगळे खरे पोलीस आहेत. प्रत्येकाचा गणवेश निराळा, बिल्ल्याचा आकार निराळा, गाडीचा रंग निराळा. कॅलिफोर्नियात महामार्गावरच्या पोलिसांचा गणवेश मातकट पिवळसर, तर शहरातल्या पोलिसांचा बहुधा गडद निळा.

तोतयाचं फावतं ते इथेच. नवख्या माणसाला मुळात खरं काय दिसतं हेच ठाऊक नसतं. त्यात खासगी सुरक्षारक्षक जवळपास तसाच गणवेश घालतात, छातीवर बिल्लाही लावतात. त्यांना मॉलच्या किंवा सोसायटीच्या हद्दीत थोडेफार अधिकार असतात, रस्त्यावर तुमची गाडी थांबवायचा नसतो.

दिव्यांचंही तसंच आहे. निळा दिवा चमकला म्हणजे पोलीस, हे समीकरण सगळीकडे लागू नाही. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये स्वयंसेवक अग्निशामक आपल्या खासगी गाडीत निळा दिवा लावू शकतात. न्यूयॉर्कमध्ये स्वयंसेवक रुग्णवाहिकावाल्यांचा दिवा हिरवा. हे लोक फक्त वाट मागत असतात, तुम्हाला थांबवून परवाना मागू शकत नाहीत. उलट फ्लोरिडात खासगी गाडीवर लुकलुकणारा निळा दिवा लावणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्या राज्यात कुठला दिवा कोणाचा, हे तुमच्या राज्याच्या ड्रायव्हर मॅन्युअलमध्ये मिळू शकतं. लेखी परीक्षेसाठी ते वाचायचंच आहे, तर ती पानं जरा सावकाश वाचा.

आपल्या राज्याचा कायदा कसा वाचायचा

राज्याचं नाव आणि 'इम्पर्सोनेटिंग अ पोलीस ऑफिसर' असं शोधलंत की विधिमंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरचं कलम मिळतं. भाषा किचकट वाटली तरी दोन प्रश्न डोक्यात ठेवून वाचा.

पहिला प्रश्न म्हणजे हेतू. नुसता वेश धारण करणं बहुतेक राज्यांत गुन्हा होत नाही. समोरच्याला आपण पोलीस आहोत असं भासवून त्याला आपल्या खोट्या अधिकारापुढे झुकवायचं, हा हेतू लागतो. टेक्ससच्या दंडसंहितेतलं कलम ३७.११ जवळजवळ याच शब्दांत लिहिलं आहे. कॅलिफोर्नियाचं कलम ५३८डी गणवेश, बिल्ला, ओळखपत्र यांच्या वापराबद्दल आहे, पण तिथेही फसवण्याचा हेतू हवाच. म्हणून हॅलोवीनला पोलिसाच्या वेशात फिरणारं पोर गुन्हेगार ठरत नाही. मंडळाच्या गणपतीत हवालदाराचं काम करणारे काकाही ठरत नाहीत. फक्त नाटक संपल्यावर वेश उतरवून मगच गाडीत बसा, आणि नाटकातली खेळण्यातली बंदूक पिशवीत बंद करून न्या. अमेरिकेत बंदुकीसारखं काहीही हातात घेऊन पार्किंगमध्ये चालणं हा थट्टेचा विषय नाही.

दुसरा प्रश्न, गुन्हा कुठल्या वर्गातला. मिसडिमीनर म्हणजे हलका गुन्हा, साधारणपणे एका वर्षापर्यंतची शिक्षा, तीही काउंटीच्या तुरुंगात. फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा. टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया आणि इलिनॉय इथे पोलिसाची बतावणी सरळ फेलनीत मोडते. फ्लोरिडात मूळ शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. तोतयेगिरी करताना दुसरा गंभीर गुन्हा केला किंवा कुणाला इजा झाली, तर ती आणखी वाढते. कॅलिफोर्नियात मात्र मूळ गुन्हा मिसडिमीनरच. खोटा गणवेश वापरला तर शिक्षा थोडी कमी, खोटा बिल्ला वापरला तर एका वर्षापर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. न्यूयॉर्कमध्ये पोलीस असल्याची बतावणी करून त्याच ओघात फेलनी केली, तरच तो पहिल्या दर्जाचा गुन्हा होतो.

एवढ्या मोठ्या देशात एकाच फसवणुकीला इतक्या वेगळ्या शिक्षा असाव्यात, हे मला पटत नाही. बळी पडणाऱ्याची भीती काही राज्याची हद्द ओलांडल्यावर कमी होत नाही. पण व्यवस्था तशी आहे.

राज्यांच्या वर केंद्राचाही कायदा आहे. एफबीआय, इमिग्रेशन, आयकर खातं अशा केंद्रीय यंत्रणेचा अधिकारी असल्याची बतावणी केली तर केंद्रीय दंडसंहितेचं कलम ९१२ लागतं. तशी बतावणी करून कुणाला अटक केली किंवा झडती घेतली तर कलम ९१३. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद.

इथे एक सूचना थेट तुमच्यासाठी. आपल्याकडे ट्रॅफिक हवालदाराने अडवलं की 'माझे मामा डीवायएसपी आहेत' असं सांगून बघायची पद्धत आहे. इथे ते करू नका, आणि 'मी स्वतःच खात्यात आहे' हे तर मुळीच नाही. व्हर्जिनियात एका चालकाला वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल थांबवलं, तेव्हा दंड चुकवायला त्याने आपण काउंटीचे डेप्युटी शेरीफ आहोत असं सांगितलं. पुढे खटला झाला. खोटं बोलणं हे भाषणस्वातंत्र्यात येतं, असा युक्तिवाद त्याच्या बाजूने झाला. त्याला आधारही होता. खोटं शौर्यपदक मिरवणाऱ्याला नुसत्या खोटं बोलण्यासाठी शिक्षा देता येत नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं होतं. तरीही त्याच वर्षी केंद्रीय अपील न्यायालयाने या चालकाची शिक्षा कायम ठेवली. पोलिसाची बतावणी हे नुसतं खोटं नाही, तिच्यामुळे खऱ्या पोलिसांवरचा विश्वास आणि लोकांची सुरक्षितता धोक्यात येते, असा त्यामागचा विचार. व्हिसावर असलेल्या माणसाला अशा गुन्ह्याची शिक्षा झाली तर दंड भरून प्रकरण संपत नाही, इमिग्रेशनच्या फाइलवर ते बसतं. अशा वेळी फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनचा वकीलही गाठा.

रस्त्यावर: मागे दिवे लागले तर

गाडीवर पोलिसांची नावं-चिन्हं स्पष्ट असतील, आत गणवेशातला अधिकारी दिसत असेल, तर फार विचार करू नका. उजवीकडचा इंडिकेटर देऊन थांबा. इंजिन बंद करा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, काच खाली करा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवा. कागद काढायला डॅशबोर्डच्या कप्प्यात हात घालायचा असेल तर आधी सांगा. खाली उतरू नका. आपल्याकडे पोलिसाने थांबवल्यावर उतरून त्याच्याकडे चालत जाणं हा आदर असतो, इथे तो धोका समजला जातो.

प्रश्न येतो तो साध्या, नाव-चिन्ह नसलेल्या गाडीचा. अशा गाड्या खऱ्या पोलिसांकडेही असतात. जुन्या पोलीस गाड्या लिलावात विकल्याही जातात आणि दिवे ऑनलाइन मिळतात. शंका आली तर पुढचा क्रम पाळा.

वेग कमी करा आणि चारही इंडिकेटर एकदम लावा. हा इशारा महत्त्वाचा, कारण यातून 'मी तुम्हाला पाहिलं आहे, पळत नाही' हे कळतं. मग ९११ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा. फोन स्पीकरवर ठेवा आणि सांगा की बिनचिन्हाची गाडी मला थांबवते आहे, मी पळत नाही, जवळच्या उजेडाच्या जागी जातो आहे, ही गाडी खरी आहे का ते बघा. रस्त्याचा क्रमांक, दिशा आणि जवळचा एक्झिट सांगा. कुठला अधिकारी कुठे गाडी थांबवतो आहे, हे ९११ वाल्यांना बहुधा वायरलेसवरून तपासता येतं. पेट्रोल पंप किंवा दुकानासमोर थांबा. फोन चालूच ठेवा.

पलीकडून 'हो, आमचाच अधिकारी आहे' असं उत्तर आलं की तिथल्या तिथे थांबा. मैलभर पुढे जाऊन 'मला वाटलं' म्हणायची सोय नाही. पोलिसांपासून पळणं हा प्रत्येक राज्यात स्वतंत्र गुन्हा आहे. ९११ चं ध्वनिमुद्रण आणि तुमचे चारही लुकलुकणारे दिवे हाच तुमच्या प्रामाणिकपणाचा पुरावा असतो, म्हणून यातली कुठलीही पायरी गाळू नका. 'थांबायचंच नाही' हा सल्ला कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवला तर पुढे ढकलू नका.

तो माणूस खिडकीशी आला की नाव, बिल्ला क्रमांक आणि कुठल्या खात्याचा ते विचारा. नुसता बिल्ला बघून समाधान मानू नका, तो कुणालाही विकत मिळतो. फोटो असलेलं ओळखपत्र मागा. कॅलिफोर्नियात गणवेशातल्या अधिकाऱ्याने नाव किंवा क्रमांक दिसेल असा लावणं कायद्याने बंधनकारक आहे. २०२४ पासून तिथे आणखी एक नियम आहे. गाडी थांबवल्यावर चौकशी सुरू करण्याआधी अधिकाऱ्याने थांबवण्याचं कारण सांगायला हवं. न्यूयॉर्क शहरात २०१८ पासून काही प्रकारच्या तपासण्यांत पोलिसाने स्वतःहून आपलं कार्ड द्यायचं असतं.

आता एक गैरसमज. 'खाली उतरा' म्हणाला म्हणजे तो खोटा, असं नाही. वाहतुकीसाठी थांबवलेल्या चालकाला उतरायला सांगण्याचा अधिकार पोलिसांना आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच स्पष्ट केलं आहे. खरी शंका कधी घ्यायची? तो रोख पैसे मागतो तेव्हा. पाकीट तपासायला मागतो तेव्हा. काही कारण न सांगता आपल्या गाडीत बसायला किंवा आपल्यामागे दुसरीकडे यायला सांगतो तेव्हा. आणि ९११ चं नाव काढताच चिडतो किंवा घाईने निघतो तेव्हा. खऱ्या पोलिसाला तुम्ही ९११ ला फोन केल्याने फरक पडत नाही, तो बहुतेक वेळा स्वतःच दुसरी गाडी बोलावतो.

पैशांबद्दल तर सरळच बोलतो. खरा अधिकारी तिकीट लिहून देतो. दंड नंतर ऑनलाइन, टपालाने किंवा कोर्टात भरायचा असतो. रस्त्यावर नोटा मोजून घेणारा पोलीस दिसला तर सावध व्हा. आणि तुम्ही स्वतःहून वीस डॉलरची नोट परवान्याखाली सरकवलीत, तर लाच देऊ केल्याचा गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. पावती न फाडता सुटायची चिरीमिरीची सवय विमानतळावरच सोडून या.

दारात: बेल वाजली तर

१८ मार्च १९९०. बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयाची बेल मध्यरात्रीनंतर वाजली. दारात पोलिसांच्या गणवेशात दोन माणसं. आत गडबड झाल्याची तक्रार आली आहे, म्हणाले. रक्षकाने दार उघडलं. मग त्यांनी त्याला 'तुझ्या नावाचं वॉरंट आहे' असं सांगून त्याच्या टेबलापासून दूर बोलावलं. बाहेर मदत मागायचं बटण त्या टेबलापाशीच होतं. दोन्ही रक्षकांना तळघरात बांधून चोर ८१ मिनिटं आत होते. व्हर्मीर आणि रेम्ब्रांटच्या चित्रांसह १३ कलाकृती गेल्या, त्या आजतागायत सापडलेल्या नाहीत. एक कोटी डॉलरचं बक्षीस अजून तसंच आहे. दार उघडण्याआधी ९११ ला एक फोन झाला असता तर? दोन माणसं वर्दीत आली आणि रक्षकांनी फोनच केला नाही, एवढीच चोरांची सगळी हुशारी.

यापेक्षा भयंकर घटना अगदी अलीकडची. १४ जून २०२५ च्या पहाटे मिनेसोटात एक माणूस पोलिसाच्या वेशात, पोलिसांच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या एसयूव्हीतून राज्याच्या लोकप्रतिनिधींच्या घरी गेला. प्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीची हत्या झाली. सिनेटर जॉन हॉफमन आणि त्यांच्या पत्नी गंभीर जखमी झाले. शोध चालू असताना ब्रुकलिन पार्क भागातल्या रहिवाशांना पोलिसांनीच सांगितलं की दारात पोलीस आला तर आधी ९११ ला फोन करून खात्री करा, आमचे अधिकारी जोडीने येतील. दार न उघडता खात्री करा, असं खुद्द पोलीस म्हणत होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

घरात शिकवून ठेवायचा क्रम सोपा आहे. दार न उघडता आतून विचारा, कोण, कुठल्या खात्याचे, कशासाठी. ओळखपत्र पीपहोलसमोर किंवा खिडकीशी धरायला सांगा. मग ९११ ला किंवा पोलिसांच्या साध्या नंबरवर फोन करा आणि त्या पत्त्यावर अधिकारी पाठवला आहे का ते विचारा. बाहेरच्या माणसाने दिलेल्या नंबरवर फोन करू नका, तिकडे त्याचाच साथीदार बसलेला असू शकतो. वॉरंट असेल तर दाराखालून सरकवायला किंवा काचेला लावायला सांगा. त्यावर न्यायाधीशाची सही, तुमचा पत्ता आणि तारीख आहे का ते वाचा. 'आत येऊ का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणता येतं, आणि ते तुमच्याविरुद्ध जात नाही. मात्र खरे पोलीस खरं वॉरंट घेऊन आत शिरत असतील तर अंगावर धावून जाऊ नका. वाद घालायची जागा कोर्ट आहे.

हे सगळं आई-बाबांना सांगणं सर्वांत अवघड. दुपारी मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं शाळेत, घरात साठी-सत्तरीचे दोघं आणि दारात वर्दी. आपल्या संस्कारात आलेल्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणं म्हणजे उद्धटपणा, त्यात तो पोलीस. त्यांना एकदा प्रत्यक्ष सराव करून दाखवा. फ्रिजवर मोठ्या अक्षरात घराचा पूर्ण पत्ता आणि ९११ लिहून लावा. इंग्रजी जमत नसेल तर फोनवर नुसतं 'हिंदी' म्हटलं तरी बऱ्याच ठिकाणी दुभाषा जोडून देतात. मराठी दुभाषा मिळेलच असं नाही.

इमिग्रेशनवाल्यांचा मुद्दा अलग सांगायला हवा. आयसीई या केंद्रीय यंत्रणेचे अधिकारी अनेकदा साध्या कपड्यांत असतात, बनियनसारख्या जाड जाकिटावर नुसतं 'पोलीस' लिहिलेलं असतं, तोंड झाकलेलं असतं. तोतयांना इतकी सोयीची वेशभूषा दुसरी नसेल. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२५ मध्ये अधिकाऱ्यांनी तोंड झाकण्यावर आणि ओळख लपवण्यावर मर्यादा आणणारे कायदे केले, केंद्र सरकारने त्यांना कोर्टात आव्हान दिलं. तो वाद मिटेल तेव्हा मिटेल. तोवर पद्धत तीच ठेवा: खात्याचं नाव विचारा, ९११ वरून खात्री करा, न्यायाधीशाची सही शोधा. इमिग्रेशन खात्याचं स्वतःचं वॉरंट आणि न्यायाधीशाचं वॉरंट हे दोन वेगळे कागद असतात, त्यामुळे वकिलाचा नंबर फोनमध्ये आधीच साठवून ठेवा. अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा, म्हणजे ग्रीन कार्ड किंवा आय-९४ हा देशात आल्याच्या नोंदीचा कागद, जवळ बाळगावा असा केंद्राचा नियम आहे. तो बाळगा. खोटं बोलू नका, खोटे कागद दाखवू नका.

फोनवर: 'तुमच्या नावे अटक वॉरंट आहे'

हा प्रकार आपल्याला नवा वाटायचं कारण नाही, कारण त्याची एक शाखा ठाण्याजवळच होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली तरुण मुलं रात्रभर अमेरिकेत फोन लावत, आपण आयआरएस या आयकर खात्याचे अधिकारी आहोत असं सांगत आणि पैसे भरले नाहीत तर पोलीस दारात येतील म्हणून धमकावत. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने अहमदाबादच्या कॉल सेंटरांशी जोडलेल्या टोळीवर, एकूण ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोप ठेवले. जुलै २०१८ मध्ये त्यातल्या २१ जणांना शिक्षा झाल्या, कमाल शिक्षा वीस वर्षांची. फसलेल्यांत दक्षिण आशियातून नव्याने आलेले लोकही होते. आपलीच माणसं आपल्याच माणसांना अमेरिकन साहेब बनून दरडावत होती.

आता ओळखा कसं. पोलीस किंवा न्यायालय फोन करून गिफ्ट कार्डाचे नंबर मागत नाही, झेल या पैसे पाठवायच्या सेवेवरून पैसे मागत नाही, बिटकॉइनच्या मशिनपाशी नेत नाही. 'फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका' हे वाक्य ऐकू आलं की फोन ठेवा. स्क्रीनवर पोलीस ठाण्याचा किंवा भारतीय वकिलातीचा नंबर दिसला तरी विश्वास ठेवू नका, नंबर खोटा दाखवता येतो. वकिलातीचे नंबर वापरून असे फोन झाले होते आणि वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासाला त्याबद्दल इशारा द्यावा लागला होता.

एक फोन तर हमखास ओळखता येतो. 'मी शेरीफच्या कार्यालयातून बोलतोय, तुम्ही ज्युरी ड्यूटीला आला नाहीत, दंड भरा नाहीतर अटक.' ज्युरी म्हणजे कोर्टात खटल्याचा निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, आणि त्यात फक्त अमेरिकन नागरिक बसू शकतात. तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असा, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असा किंवा ग्रीन कार्डवर, तुम्हाला ही ड्यूटी लागूच होत नाही.

विद्यार्थ्यांना 'तुमचं सेव्हिस', म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद, 'रद्द होतंय' असा धाक घातला जातो. उत्तर द्यायची घाई करू नका. फोन ठेवा आणि विद्यापीठातल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल करा किंवा त्यांच्या खोलीत जा. तुमचं सेव्हिस तेच सांभाळतात.

घडून गेलं असेल तर

लाजेपायी गप्प बसणारे फार. तक्रार करा, आणि लवकर करा. रस्त्यावरची किंवा दारातली घटना असेल तर ९११, धोका टळून काही तास झाले असतील तर स्थानिक पोलिसांचा साधा नंबर. आठवत असेल ते लगेच लिहून काढा: गाडीचा रंग आणि नंबर, दिवे कुठे लावले होते, बिल्ल्यावर काय लिहिलं होतं, तो कुठल्या खात्याचं नाव घेत होता. खात्याचं नाव विशेष महत्त्वाचं, कारण गुन्हा राज्याच्या कायद्याखाली जाईल की केंद्राच्या, हे त्यावरून ठरतं. घराच्या किंवा शेजाऱ्याच्या डोअरबेल कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं जाण्याआधी उतरवून ठेवा.

पैसे गेले असतील तर पहिला फोन बँकेला. गिफ्ट कार्ड दिलं असेल तर कार्ड आणि दुकानाची पावती घेऊन त्या कार्डाच्या कंपनीला फोन करा, पैसे अजून वापरले नसतील तर कधी कधी अडवता येतात. फसवणुकीची नोंद एफटीसी या केंद्राच्या ग्राहक-संरक्षण यंत्रणेकडे, आणि इंटरनेटवरून झालेली असेल तर एफबीआयच्या आयसी३ या पोर्टलवर करा. भारतातल्या खात्यातून पैसे गेले असतील, म्हणजे घाबरवून तिकडे आई-वडिलांकडून भरून घेतले असतील, तर त्यांना लगेच १९३० या भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा.

पोलिसांकडून तक्रारीचा क्रमांक आणि अहवालाची प्रत मागून घ्या. बँक, विमा कंपनी, विद्यापीठ सगळे ती मागतात. तोतयाने डांबून ठेवलं, खंडणी घेतली किंवा मारहाण केली असेल आणि तुम्ही तपासात पोलिसांना मदत करत असाल, तर इमिग्रेशन वकिलाला यू व्हिसाबद्दल विचारा. काही ठरावीक गुन्ह्यांच्या बळींसाठी तो असतो, वर्षाला दहा हजारांची मर्यादा आहे आणि रांग अनेक वर्षांची, पण त्याच्या अर्जाला पोलिसांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. ते मागण्यासाठी तक्रार वेळेवर झालेली असली की बरं पडतं.